काळ्या तेलाचा बावटा व आडवणची उंडी

श्रीगजाननास, सदरेच्या दौतीस आणि ज्या गाडीवानांनी ही हकिकत डोळ्यांनी पाहोन आम्हांस सांगितली त्यांस नमस्कार करोन, शके एकोणीसशे तीस, सर्वधारी नाम संवत्सर, तेथपासून समुद्रतीरीच्या एका राज्यात तेलापायी जे जे घडले ते लिहितो. राज्याचे नाव लिहावयाची आज्ञा नाही, म्हणोन लिहिले नाही. या राज्यात तेले दोन. एक काळे तेल, ते समुद्रापलीकडे वाळूच्या मुलखात भूमीच्या पोटातून निघे, आणि पिंपांत भरोन जहाजांनी येई, आणि त्यावर राज्यातील समस्त मोटारी, मालगाड्या व मचव्यांची इंजिने चालत. दुसरे पामतेल, ते राज्यातच तेलताडाच्या फळांपासून निघे, आणि त्यात प्रजा वडे, भजी, पुऱ्या तळोन सुखाने दिवस काढी. दोन्ही तेलांचा एकमेकांशी काही एक संबंध नव्हता. मग विद्वान आले. त्यांनी हुजुरास दाखविले की, पामतेलात थोडा मद्यार्क व थोडा क्षार घालोन, ऊन करोन ढवळिले, आणि मग स्वस्थ ठेविले, म्हणजे वरती जे नितळ तेल येते त्यावर मोटार चालते. महाराज स्वतः मोटारीत बैसले, आणि गडाभोवती एक फेरी जाहली, आणि मागे भज्यांचा वास सुटला, आणि हुजूर बहुत प्रसन्न जाहले. विद्वान त्यास बायोडिझेल म्हणत. सदरेवर तो शब्द जिभेस वळेना, सबब गाडीतेल म्हणावे ऐसे ठरले.

आता गाडीतेल नित्य करावे, तर ते नित्य परवडत नव्हते. काळे तेल महाग असेल तेव्हा पामतेलाचे गाडीतेल करण्यात फायदा होई, आणि काळे तेल स्वस्त जाहले की तोच उद्योग अंगावर येई. मग दरबारने युक्ती काढिली. गडाच्या तटावर एक उंच काठी उभी केली, आणि नारोपंत नामे कारभारी यांस बावट्याचा अधिकार दिला. रोज सकाळी बंदरावरून परदेशच्या भावाचा कागद येई, आणि नारोपंत तो वाचीत, आणि काळे तेल महाग असेल तर तांबडा बावटा चढवीत, स्वस्त असेल तर पांढरा. गडाखाली रस्त्यास दुफाटा होता. फळांच्या गाड्या तेथे येत, गाडीवान मान वर करोन बावटा पाहात, आणि तांबडा असेल तर डावीकडे गाडीतेलाच्या कारखान्यास जात, पांढरा असेल तर उजवीकडे बाबल घाणेकरी याच्या खाण्याच्या तेलाच्या घाण्यास जात. तेलताडाचे फळ मोठे नाजूक. तोडल्यापासून एका दिवसात गाळले तर तेल उत्तम, नाहीतर आंबते. हे बाबल घाणेकरी यास ठाऊक होते. दरबारास ठाऊक नव्हते, कारण दरबारास कोणी विचारावयास सांगितले नव्हते.

त्या सर्वधारी संवत्सरी काळे तेल जे चढो लागले ते थांबेना. पामतेलही त्याचे बोट धरोन चढो लागले. तांबडा बावटा महिनोन् महिने उतरला नाही, आणि उजवीकडच्या घाण्यास फळ मिळेना, आणि बाजारात पुरी महागली. दरबारने विचार केला की, ज्या अर्थी बावटा तांबडा आहे त्या अर्थी तेलताड वाढवावे. बावटा एका सकाळी बदलतो आणि तेलताड चौथ्या वर्षी फळतो, हा फरक एक कारकून बोलणार होता, परंतु जेवणाची वेळ जाहली. मग हुकूम सुटला तो असा की, ज्या झाडाचे तेल खाता येत नाही ते झाड राज्यास निरुपयोगी, सबब ते तोडोन तेथे तेलताड लावावा. आणि तेलताडाचे तेल मोटारीत जाळावे.

गडापासून आठ कोसांवर, खाडीच्या काठी, आडवण म्हणोन गाव आहे. तेथे म्हाळसाबाई शेडगे नामे एक विधवा बाई राहात असे. तिची भाताची पाच खाचरे खाडीच्या पातळीपेक्षा खाली होती, आणि त्यांस भरतीपासून राखावयास मातीचा बांध होता, आणि बांधावर तिच्या सासऱ्याने लाविलेल्या अकरा उंड्या होत्या. उंडीचे झाड आमच्या किनाऱ्यावर सर्वांस माहीत आहे. त्याच्या बियांचे तेल कडूजहर, खाता येत नाही, परंतु दिव्यात उत्तम जळते, होडीच्या फळ्यांस लावितात, आणि लाकडाची गलबतास डोलकाठी होते. एकमेकींस खेटोन लाविल्यामुळे या उंड्या सरळ वाढल्या होत्या. नारोपंत कुऱ्हाडवाले घेवोन आडवणास आले, आणि बाईंस हुकूम वाचोन दाखविला.

"उंडीचे तेल कडू आहे, बाई. सबब तोडणे प्राप्त," पंत बोलिले.

"आणि ताडाचा तेल?" म्हाळसाबाईंनी विचारिले.

"ते गोड. खाण्याचे."

"मगे ता खातलास?"

"नाही. ते गाड्यांत जाळावयाचे आहे."

बाईंनी डोईवरचा भारा खाली ठेविला आणि म्हणाल्या, "पंतानू, कडू तेल जाळूचा, गोड तेल खावचा, ह्या आमका लहानपणापासून ठावक. तुमी उलटा कशाक करतास?"

"आम्ही काही करीत नाही. बावटा करवितो."

"ह्या झाडांच्या मुळांर बांध उभो आसा. झाडा गेली तर खारा पाणी शेतात शिरतला. खारा शिरला की तीन वर्सा भात येवचा नाय."

पंतांनी कागद उलटसुलट पाहिला. त्यात मुळांविषयी काही नव्हते. तथापि पंत मनाचे वाईट नव्हते, आणि ऊनही फार जाहले होते, म्हणोन त्यांनी चारच झाडे तोडविली आणि उरलेल्या सातांस पुढील हुकूम येईतो अभय दिले. त्या जागी तेलताडाची रोपे लाविली. पुढल्या पावसाळ्यात बांध त्या अंगास खचला आणि सर्वांत खालचे खाचर खारे जाहले. बाई उरलेल्या सात झाडांखाली बिया वेचीत राहिल्या, आणि दर भरतीस बांधावर जावोन पाणी कुठवर आले ते पाहात राहिल्या.

चौथे वर्ष उलटले आणि तेलताड फळो लागले, आणि राज्यभर लाविलेले सर्व एकदमच फळो लागले. आणि शके एकोणीसशे छत्तीस, जय नाम संवत्सरी, वाळूच्या मुलखाचे काळे तेल कोसळले. नारोपंतांनी तांबडा उतरवोन पांढरा चढविला. मग समस्त गाड्या दुफाट्यावरोन उजवीकडे वळल्या, आणि बाबल घाणेकरी याचा घाणा फळांनी बुजला, आणि राज्यात वडे, भजी, पुऱ्या जितक्या म्हणोन खाता येतात तितक्या खाल्ल्या, तरी तेल सरेना. हे लिहिणाराने स्वतः त्या साली अकरा वेळा पथ्य मोडिले. दरबारने पुन्हा विचार केला, आणि परवडो अथवा न परवडो, राज्यातील प्रत्येक मोटारीच्या तेलात शंभरांत वीस भाग गाडीतेल मिसळलेच पाहिजे ऐसा कायदा जाहला. आणि त्यात जी तूट येईल ती, जे सावकार पामतेल जहाजावर घालोन परमुलखी विकितात त्यांजकडोन भरोन घ्यावी ऐसे ठरले. आणि सावकार कुरकुरले, आणि त्यांनी ती तूट बागाईतदारांस फळाचा भाव कमी देवोन भरोन काढिली, आणि बागाईतदारांस कोणाकडोन भरोन घ्यावे हे समजले नाही. तरीही तेल उरले. ते साठवावे कशात, तर लाकडी पिंपांत. पिंपांस लाकूड कडू व टिकाऊ हवे. नारोपंत आडवणास आले.

"गेल्या खेपेस तांबडो होतो म्हणान तोडलास," बाई म्हणाल्या. "आता तर पांढरो आसा."

"पांढरा आहे म्हणोनच," पंत बोलिले, आणि बोलताना त्यांस स्वतःसच ते कसेसे वाटले, परंतु हुकूम हुकूमच.

त्या खेपेस चार उंड्या गेल्या, आणि तीन उरल्या, आणि दुसरे खाचरही खारे जाहले. बाईंनी पंतांस ताक दिले. पंत ते प्यायले, आणि परत जाताना त्यांनी एक वेळ मागे वळोन पाहिले, ऐसे कुऱ्हाडवाले सांगतात.

पुढे शके एकोणीसशे बेचाळीस, शार्वरी नाम संवत्सर. त्या साली जगात मोठा रोग आला, आणि माणसे घरांत बसली, आणि गाड्या उभ्या राहिल्या, आणि काळे तेल कोणास नको जाहले. एके सकाळी बंदरावरोन जो कागद आला तो नारोपंतांनी तीन वेळा वाचिला, आणि मग सदरेवर नेला. कागदात लिहिले होते की, परमुलखी एके बाजारी काळे तेल शून्याखाली गेले. म्हणजे घेणाराने दाम द्यावयाचे ते राहोन, विकणाराच घेणारास दाम देवोन म्हणतो की, कृपा करोन हे घेवोन जावे. मग प्रश्न उपस्थित जाहला की, बावटा कोठे लावावा. भाव जितका उतरेल तितका पांढरा बावटा काठीवर खाली आणावयाचा ही रीत होती, आणि भाव शून्य होईल त्या दिवशी बावटा जमिनीस टेकावा ऐसे नियमात होते. शून्याच्या खाली काय, हे नियमात नव्हते. शास्त्री बोलावले. त्यांनी दोन दिवस विचार करोन सांगितले की, भाव शून्याच्या खाली, तर बावटा जमिनीच्या खाली. मग काठीच्या बुंध्याशी दोन पुरुष खोल खड्डा खणिला, आणि बावटा त्यात उतरविला, आणि गाडीवान दुफाट्यावरोन गडावर चढोन, खड्ड्यात वाकोन, बावट्याचा रंग पाहोन जावो लागले. खड्ड्याच्या बाजू ढासळू नयेत म्हणोन फळ्यांचा आधार द्यावा लागला. फळ्यांस लाकूड कडू व टिकाऊ हवे. आडवणच्या दोन उंड्या त्यात गेल्या. या खेपेस नारोपंत स्वतः आले नाहीत, त्यांनी कागद पाठविला. तिसरे खाचर खारे जाहले. हे लिहिताना लेखकास वाईट वाटले, ते येथे नमूद केले आहे.

आता बाईंपाशी दोन खाचरे उरली, आणि एक उंडी. ती बांधाच्या तोंडाशी, जेथून पावसाचे पाणी खाडीत सोडितात तेथे, सर्वांत जुनी व सर्वांत सरळ अशी उभी होती. ती गेली म्हणजे बांध राहात नाही, आणि बांध गेला म्हणजे आडवणात शेडग्यांचे शेत होते हे खाडीस ठाऊक राहील, दुसऱ्या कोणास नाही. बाई भरतीच्या दिवशी तिच्या बुंध्यास टेकोन बसत, आणि कोणी विचारिले तर म्हणत, "सोबत करतंय एकमेकींका."

शके एकोणीसशे चव्वेचाळीस, शुभकृत् नाम संवत्सरी, दूरच्या मुलखांत युद्ध पेटले, आणि काळे तेल पुन्हा आभाळास भिडले. खड्डा घाईने बुजविला, आणि तांबडा बावटा काठीच्या टोकास चढविला. कायदा वीस भागांचा तीस भागांचा जाहला. सर्व फळ डावीकडे चालले, आणि घरोघरी कढया रिकाम्या, आणि दसऱ्यास हुजुरांच्या मुदपाकखान्यात वडे उकडोन वाढिले. महाराजांनी एक खाल्ला आणि ताट सारिले. त्याच दिवशी आज्ञा जाहली की, पामतेलाचा थेंब राज्याबाहेर जाता कामा नये. मग बंदरावर जहाजे रिकामी उभी, आणि आत तेल तुंबले, आणि भाव पडला, आणि आठ दिवसांनी आज्ञा परत घेतली, आणि भाव चढला. नारोपंतांनी एका दिवसात बावटा पाच वेळा बदलिला. दुफाट्यावर गाडीवान बैल डावीकडे वळवीत, मग उजवीकडे, मग बैलच कंटाळोन मधे बसत.

अशात आश्विनी अमावास्येच्या आधी चार दिवस वारे सुटले. काठीचा बुंधा खड्ड्यामुळे सैल जाहला होता, आणि भरलेली माती अजून बसली नव्हती. काठी कडाडोन तटाबाहेर पडली, तिचे तीन तुकडे जाहले, आणि बावटा वाऱ्याने खाडीत नेला. आता दुफाट्यावर गाडीवानांनी मान वर केली तर आभाळ मात्र दिसले. तांबडा नाही, पांढराही नाही. हुकुमावाचोन वळावे तर चाबूक. म्हणोन दोनशे गाड्या तेथेच उभ्या राहिल्या. बाबल घाणेकरी धावत आला आणि ओरडोन म्हणाला, "अरे, फळ आंबता! डाव्याक जावा, उजव्याक जावा, खंयय जावा, पण चला!" कोणी हलेना. तीन दिवस गाड्या उभ्या होत्या. चौथ्या दिवशी ते फळ गाळिले, तेव्हा तेल इतके आंबलेले की खाण्याच्या उपयोगी नाही आणि इंजिनाच्याही नाही. त्याचा साबण केला. राज्यात त्या वर्षी प्रजा भुकेली, परंतु अत्यंत स्वच्छ होती.

दरबारने ठरविले की, हा सर्व अनर्थ काठीमुळे, सबब नवी काठी तत्काळ उभी करावी, आणि ती जुन्या वहिवाटीप्रमाणे उंडीचीच असावी. राज्यभर शोध केला. तोडिल्या होत्या सर्व. एकच उरली होती. तेव्हा अमावास्येच्या सकाळी नारोपंत कुऱ्हाडवाल्यांसह आडवणास पोहोचले. चौदा वर्षांत पंतांचे केस पांढरे जाहले होते, आणि बाईंचेही. भरती चढत होती. ती उधाणाची भरती होती, आणि पाणी बांधाच्या कडेस लागत होते. बाई झाडाशीच होत्या.

पंतांनी हुकूम काढिला, परंतु वाचिला नाही. म्हणाले, "बाई, तुम्हांस समजलेच असेल."

"समाजला. पडलेली काठी कसली होती?"

"उंडीचीच. लाकूड आमच्या वडिलांच्या वेळी तोडलेले."

"मगे पडली कशाक?"

"बुंधा सैल जाहला."

"सैल कशाक झालो?"

"आम्ही खणिला," पंत म्हणाले.

"बघा तर," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नाही. "मुळा नसलेला लाकूड किती दिस उभा रवतला, पंतानू? ही तोडून न्हेलास तर तीय पडतली, आणि मगे तुमका दुसरी मिळाची नाय, आणि माझा शेतय ऱ्हवाचा नाय. ह्या झाडाक मुळा आसत. तुमचो बावटो हयच बांधा."

कुऱ्हाडवाले पंतांकडे पाहो लागले. पंत हुकूम उघडोन वाचो लागले, आणि या खेपेस अक्षर अन् अक्षर वाचिले. लिहिले होते की, आडवणच्या उंडीची काठी करोन तीवर बावटा लावावा. तोडोन, ऐसे कोठेही लिहिले नव्हते. गडावर न्यावी, हेही लिहावयाचे राहिले होते; घाई फार होती. पंत बांधावर बैसले. पाणी त्यांच्या जोड्यांस लागले, आणि बुंध्यास लागले, आणि तेथेच थांबले. पंतांनी ते पाहिले. मग ते उठले आणि कुऱ्हाडवाल्यांस म्हणाले, "वर चढोन दोरी बांधा." आणि बाईंस म्हणाले, "तोडलेल्या दहांविषयी मला लाज वाटते." बाई म्हणाल्या, "वाटूकच व्हयी," आणि त्यांस ताक आणावयास गेल्या.

हुजुरास वर्दी गेली की, काठी उभी जाहली आहे, ती पडणे शक्य नाही, कारण ती स्वतः जमीन धरोन आहे. हुजूर प्रसन्न जाहले, आणि राज्याच्या काठीस जो कोणी कुऱ्हाड लावील त्यास कठोर शासन ऐसे जाहीर जाहले, आणि नारोपंतांनी काठीजवळ राहोन चाकरी करावी ऐसी आज्ञा जाहली. गडापासून आडवण आठ कोस. दुफाट्यावरोन बावटा दिसेना. काही दिवस गाडीवान मान वर करीत राहिले, मग मान दुखो लागली, मग ते बाबल घाणेकरी यासच विचारो लागले की, आज कढयांस तेल आहे की नाही. नाही म्हणाला तर उजवीकडे जात, आहे म्हणाला तर डावीकडे. फळ त्याच दिवशी गाळिले जाई. दरबारने हे बावट्याचे यश म्हणोन दप्तरी लिहिले.

नारोपंत झाडाखाली खोपट बांधोन राहिले. बंदरावरचा कागद आता आठवड्याने येई. पंत तो वाचीत, आणि प्रामाणिकपणे बावटा बदलीत; परंतु खारे वारे लागोन तांबडा इतका विटला आणि पांढरा इतका मळला की, कोणता कोणता हे पंतांसच चढविल्यावर सांगता येईना. त्यांच्या कंदिलात बाई उंडीचे कडू तेल घालीत. एके दिवशी पंतांनी बाईंपाशी बिया मागितल्या. किती, म्हणोन बाईंनी विचारिले. पंत म्हणाले, दहा. बाईंनी मोजोन दिल्या, आणि एकही जास्त दिली नाही.

शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरी, सदरेवर नवे कारभारी आले, आणि त्यांनी जुनी दप्तरे उघडिली, आणि जुनाच हुकूम पुन्हा सोडिला की, ज्या झाडाचे तेल खाता येत नाही ते तोडोन तेथे तेलताड लावावा. आणि आडवणच्या बांधावर कडू जातीची दहा रोपे आढळतात, त्यांचा खुलासा करावा. नारोपंतांनी खुलासा लिहिला तो असा: "ही झाडे नव्हेत. राज्याच्या बावट्याच्या राखीव काठ्या आहेत. सांप्रत लहान आहेत." कागद हुजुरांपुढे गेला. महाराजांनी तो वाचिला, आणि स्वहस्ते खाली शेरा मारिला: "काठ्यांस वेळेवर पाणी घालीत जावे."

येणेप्रमाणे सोळा वर्षांत काळे तेल दोन वेळा चढले व दोन वेळा पडले, तेलताड लागले ते लागले, आणि अकरा उंड्यांपैकी एक राहिली व दहा नव्या आहेत. बांध तूर्त धरोन आहे. भात यंदा दोन खाचरांत आले. तिसऱ्यातले मीठ उतरत आहे, दोन वर्षांनी तेथेही भात येईल ऐसे म्हाळसाबाई म्हणतात.